दोन पानं एकदम

पडदा उघडतो. तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली. डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर एकशे बारा नाटकांच्या संहिता. कडा पिवळ्या पडलेल्या, काहींच्या शिवणी सुटलेल्या, काहींना दोऱ्याने करकचून बांधलेलं. मध्यभागी टेबल, दोन खुर्च्या. टेबलावर पत्र्याच्या टोपीचा एक बुटका दिवा आणि पाण्याच्या पेल्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. खुर्चीत एक बारकासा म्हातारा. वय एक्याऐंशी. मान किंचित डावीकडे वळलेली, कारण विंगेत बसून चाळीस वर्षं त्याने रंगमंचाकडे त्याच बाजूने पाहिलं आणि मग ती मान काही सरळ झाली नाही.

टुंग, असा आवाज होतो.

"पाणी प्यायलात का?" मोबाइल विचारतो.

"तू प्यायलास का?" म्हातारा विचारतो.

हे आमच्या नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर. हजेरीपटावर त्यांचं काही एक नाव होतं, पण ते हजेरीपटावरच राहिलं. आम्ही सगळे त्यांना कुजबुजे म्हणायचो. आडनाव असल्यासारखं. एकदा गावातल्या कुणीतरी त्यांच्या नावाने पाठवलेल्या पत्रावरही "श्री. कुजबुजे" असंच लिहिलं होतं, आणि ते त्यांना बिनचूक पोचलं.

प्रॉम्प्टर म्हणजे नट वाक्य विसरल्यावर विंगेतून ते पुरवणारा माणूस, एवढंच लोकांना ठाऊक असतं. एवढंच असतं तर कुणीही केलं असतं. खरी विद्या वाक्य पुरवण्यात नाही, न पुरवण्यात आहे. नट मध्येच थांबला, तर तो विराम आहे की विसर, हे एका श्वासात ओळखावं लागतं. विराम असताना वाक्य दिलंत तर तुम्ही त्याचा प्रसंग मारलात. विसर असताना गप्प बसलात तर तुम्ही त्यालाच मारलात. कुजबुजे नटाच्या तोंडाकडे बघतच नसत. पायाकडे बघत. "विसर पडला की उजव्या पायाचा अंगठा वर होतो, बाई," असं त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. "तोंड खोटं बोलतं. अंगठ्याला अभिनय येत नाही."

आणि आम्ही नटमंडळी त्यांच्या इतकी आहारी गेलो होतो, की विंगेतून आलेलं वाक्य आधी तोंडातून बाहेर पडायचं आणि मग डोक्यात शिरायचं. त्यांनी "घराला आग लागली" म्हटलं असतं तर मी तेही हुंदका देऊन म्हटलं असतं.

अशा माणसाच्या टेबलावर हा टुंगटुंग्या येऊन बसला.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी कुजबुज्यांचं रक्तदाब प्रकरण एकदम भडकलं. आठवडाभर दवाखान्यात. त्यांची एकुलती लेक आली. ती दूर, अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर राहते. नोकरी, संसार, दोन लहान खोल्या. "आता माझ्याकडे चला" म्हणाली. कुजबुज्यांनी विचारलं, "आणि ह्या एकशे बारा?" ती म्हणाली, "अर्धं कपाट रिकामं करून देते, बाबा." अर्ध्या कपाटात एकशे बारा नाटकं! त्यातल्या कुणाकुणाला रस्त्यावर काढायचं, ह्या विचारानेच त्यांचा दाब आणखी चढला असेल.

शेवटी तह झाला. कुजबुज्यांनी ह्याच खोलीत राहायचं. पण दंडाला पट्टा गुंडाळून सकाळ-संध्याकाळ दाब मोजायचा, मशीनवरचे आकडे मोबाइलमधल्या आरोग्याच्या अ‍ॅपमध्ये भरायचे, सोबत एका ओळीचा शेरा लिहायचा, आणि ते सगळं तिकडे लेकीला दिसणार. हिरवं दिसलं तर खोली कुजबुज्यांची. लाल दिसलं तर बॅग भरायची. अपील नाही.

मला ह्या अ‍ॅपांचा मनस्वी तिटकारा आहे, तो आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवायला नको. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना पट्टीने मोजलं, आता स्वतःला मोबाइलने मोजतात. जेवणाच्या टेबलाभोवती घाण्याला जुंपल्यासारखे फिरतात, आणि जिन्यात भेटले की नमस्काराच्या आधी आकडा सांगतात. "आज आठ हजार चारशे!" अहो, पण गेलात कुठे? कुठेच नाही. आठ हजार चारशे पावलं टाकून माणूस टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर उभा. एकदा सकाळी मी विचारलं, "झोप लागली का, मास्तर?" तर म्हणाले, "थांबा, बघून सांगतो." खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि म्हणाले, "एकाहत्तर गुण." स्वतःला झोप लागली की नाही, हे माणसाला दुसऱ्याला विचारावं लागतं! उद्या जिवंत आहे का हेही बघून सांगतील.

कुजबुज्यांचा तिटकारा माझ्याहून वरच्या दर्जाचा होता, कारण तो धंद्यातला होता. त्यांनी त्या अ‍ॅपचं नाव "उतावळ्या" ठेवलं.

"प्रॉम्प्टर म्हणून ह्याला मी एक दिवस ठेवला नसता, बाई," ते म्हणत. मी रोज चारला चहाला जात असे, त्या वेळेला हा विषय ठरलेला. "मी विचारात बसलोय, तर हा म्हणतो, तासभर बसून आहात, उठा. अरे, विराम आहे तो! विराम कळत नाही तुला? मी गोळी घेऊन पेला खाली ठेवतोय, तेवढ्यात हा म्हणतो, गोळी घ्या. नटाने वाक्य म्हटल्यावर वाक्य पुरवतो. असल्याला आमचे मालक विंगेतून उचलून तिकीटखिडकीवर बसवत."

"आणि कौतुक ऐका," असं म्हणून ते आकडे भरून दाखवत. लगेच पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडत आणि खाली ओळ येई, "छान! असंच चालू ठेवा!"

"चाळीस वर्षं काम केलं," कुजबुजे म्हणत, "कुणी कधी टाळी दिली नाही. प्रॉम्प्टरला टाळी मिळाली म्हणजे तो ऐकू गेला, म्हणजे चुकला. आणि हा गोळी गिळल्याबद्दल फुलं उधळतो."

आता मूळ भानगडीकडे येते.

पहिला महिनाभर कुजबुज्यांनी इमानाने दाब मोजला. एका सकाळी आकडा आला एकशे अडुसष्ट. त्यांनी भोळेपणाने तोच भरला. उतावळ्या लालबुंद झाला, आणि चहा निवायच्या आत लेकीचा फोन. "बाबा, बॅग कुठली घेताय?" कुजबुज्यांनी "चव्वेचाळीस पायऱ्या चढून आल्या आल्या मोजला" अशी थाप मारून वेळ निभावली. त्यानंतर मशीन फळीवर गेलं. त्याचं काम बदललं. कडेच्या संहिता कलंडू नयेत म्हणून त्यांना टेकू म्हणून ते उभं राहिलं.

आणि कुजबुज्यांनी एक जाड वही आणली.

मला त्यांनी ती विश्वासाने दाखवली. आखीव पानं, समासात तारीख, पुढे सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, खाली तांबड्या पेन्सिलीने शेरा. मी म्हटलं, "अहो, हे तर पुढच्या महिन्याचं आहे!"

"मग? तालीम आधीच करायची असते."

त्यांनी स्वतःच्या तब्येतीची संहिता लिहिली होती. महिनाभर पुढची. रोज सकाळी वही उघडायची, त्या दिवसाची ओळ बघायची आणि उतावळ्याला पुरवायची. आणि काय लिहिलं होतं! "सोमवार. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. झोप बरी." "गुरुवार. एकशे सव्वीस, ऐंशी. खिडकीत बसलो." मध्येच एका शनिवारी एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी. शेरा, "जावयाशी फोनवर वाद झाला."

"हा वाद कधी व्हायचाय?" मी विचारलं.

"येत्या शनिवारी. त्याचा फोन येतो तेव्हा. नुसतं चांगलं लिहिलं तर खोटं वाटतं, बाई. चांगला नटसुद्धा लांब भाषणात एकदा खाकरतो."

मी हसले. पोट धरून हसले. "एकशे तेरावं नाटक," म्हटलं, "आणि सगळ्यांत सरस." वर दोन-चार शेरेही सुचवले. हेही लपवत नाही. उतावळ्याला फसवण्यात कसलं आलंय पाप? तो तर सांगू ते ऐकत होता, आणि रोज फुलं उधळत होता. ज्याला तोंडातलं आणि अंगातलं वेगळं कळत नाही, त्याने माणसाच्या तब्येतीची उठाठेव करावीच कशाला? तिकडे लेक हिरवा रंग बघून निश्चिंत, इकडे बाप संहिता लिहून निश्चिंत, आणि मध्ये तो ठोंब्या टाळ्या वाजवतोय. चार महिने प्रयोग विनाविघ्न चालला.

मग एका बुधवारी, मी चहाला बसलेली असताना, फोन वाजला. कुजबुज्यांनी तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला. लेक होती.

"बाबा, मी आज येऊन गेले म्हणे."

"काय?"

"तुम्हीच लिहिलंय. 'लेक आली, जेवण जास्त झालं.' एकशे छत्तीस, शहाऐंशी. मला तरी सांगायचं होतं मी आलेय म्हणून. आणि मी काय जेवले, तेही लिहायचं होतं."

पुढचं वाक्य असं आधी पडलेलं मी पूर्वी एकदाच अनुभवलं होतं. लेक येणार होती, पण पुढच्या आठवड्यातल्या रविवारी. बुधवारी सकाळी कुजबुज्यांनी दोन पानं एकदम उलटली होती.

त्या पूर्वीच्या वेळेचं सांगायलाच हवं. चाळिसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या अंकात माझा नवरा प्रवासाला निघतो आणि तिसऱ्या अंकात त्याच्या मृत्यूची तार येते, असं नाटक. दुसरा अंक चालू होता. नवरा समोर स्टुलावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. मला वाक्य सुचेना. माझा अंगठा वर झाला असणार, कारण विंगेतून लगेच कुजबुज आली, आणि मी भरल्या गळ्याने म्हटलं, "ते गेले तेव्हापासून हे घर मला खायला उठतं हो!"

नवऱ्याने नाडी तशीच हातात धरून वर पाहिलं. तो मुरलेला नट. म्हणाला, "अगं, मी अजून जायचोय!"

प्रेक्षक लोळले. ते नाटक त्या गावात पुन्हा कधी लागलं नाही. मालकांनी कुजबुज्यांना मेकअपच्या खोलीत उभं केलं. ते एवढंच म्हणाले, "चहा सांडला होता. पानं चिकटली होती." काही लोक नंतर पाठीमागे म्हणत, डुलकी लागली असेल म्हाताऱ्याला. तेव्हा ते म्हातारेही नव्हते. मी अशा प्रत्येकाशी भांडले. कुजबुज्यांना विंगेत डुलकी? सूर्याला लागेल एखादे वेळी.

तर ह्या बुधवारी, फोनवर लेक वाट बघत होती. कुजबुजे घसा साफ करून म्हणाले, "शेरे मी आधीच लिहून ठेवतो, पोरी. वहीत. आकडे खरे असतात, शेरे तयार असतात. पानं चिकटली होती वहीची."

"शेरे आधी लिहून ठेवता?"

"प्रॉम्प्टर आहे मी."

ती हसली, पण पुरती नाही. "बाबा, खरं सांगा. डोळ्यांपुढे अंधारी वगैरे येते का?"

"छे!"

मी टेबलाखाली पाहिलं. उजव्या पायाचा अंगठा वर झाला होता.

"मावशी आहेत ना तिथे?" लेक म्हणाली. "मावशी, माझं एक काम करा. उद्यापासून तुम्ही समोर बसायचं. बाबांनी मोजायचं, तुम्ही मशीन वाचायचं आणि मला फोनवर तोंडाने सांगायचं. अ‍ॅप-बिप राहू दे. तुम्ही सांगाल ते मी मानेन. आकडा बरा असेल तर बाबा तिथेच राहतील, मी पुन्हा विषय काढणार नाही."

फोन ठेवल्यावर कुजबुजे पेले विसळायला मोरीकडे गेले. मी वही ओढून उघडली. त्या बुधवारचं पान आणि पुढच्या आठवड्याचं पान. कोरडी, करकरीत, सुटी पानं. चहाचा थेंब नाही, डाग नाही. मी वही होती तशी ठेवली आणि काही बोलले नाही. का बोलले नाही, ते माझं मलाही अजून नीट सांगता येत नाही. एकशे बारा संहिता माझ्याकडे बघत होत्या, हे एक कारण असेल.

दुसऱ्या दिवशी चारला मी गेले. मशीन टेकूच्या नोकरीवरून खाली उतरलं होतं. सेल मरून गेले होते, ते मी येताना नवे आणले होते. एका बाजूच्या संहिता कलंडल्या होत्या. कुजबुजे बाही वर करून बसले होते. मोजताना बोलायचं नसतं, म्हणून दोघंही गप्प. पट्टा फुगला, आवळला, मग हळूहळू सैल पडला. तेवढ्यात फोन आला, आणि त्याच क्षणी मशीनवर आकडे स्थिर झाले.

वर एकशे शहाऐंशी. खाली एकशे आठ.

मला वैद्यकी कळत नाही. पण हा आकडा त्या एकशे अडुसष्टच्याही वरचा आहे, एवढं कळलं.

"मावशी?" लेकीचा आवाज आला. "किती आलं?"

मी गप्प. तो विराम नव्हता. विसरही नव्हता. काय म्हणावं तेच कळत नव्हतं. माझ्या चपलेत अंगठा वर झाला असावा, कारण डाव्या बाजूने, ओठ न हलवता, अगदी तीच, चाळीस वर्षांच्या ओळखीची कुजबुज आली.

"एकशे तीस, ब्याऐंशी."

"एकशे तीस, ब्याऐंशी," मी म्हटलं.

शपथेवर सांगते, वाक्य आधी तोंडातून गेलं. स्पष्ट, ठणठणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. मग ते माझ्या डोक्यात शिरलं.

"अगं बाई, किती बरं वाटलं!" लेक म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "खरंच सांगते मावशी, त्या हिरव्या रंगावर माझा कधी पुरता विश्वास बसला नाही. तुमच्या तोंडून ऐकलं, आता शंका नाही. राहू दे बाबांना तिथेच."

खोली वाचली. एकशे बारा नाटकं वाचली. पेल्याला टेकलेल्या उतावळ्याचा पहिल्यांदाच मला हेवा वाटला. त्याने चार महिने खोटं खाल्लं, पण त्याला कुणी मावशी म्हणत नव्हतं. मी त्याला ठोंब्या म्हणत आले होते. फरक एवढाच, की तो फुलं उधळायचा आणि मी ठसक्यात बोलले.

मी कुजबुज्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, तोंडाकडे, पायाकडे नाही. चेहऱ्यावर ती मेकअपच्या खोलीतली कळा. चाळीस वर्षं त्यांनी मला वाक्यं दिली, आणि त्यांनी दिलेलं एकही वाक्य मी कधी तपासून घेतलं नाही, हे त्यांच्या त्या क्षणी ध्यानात आलं असावं. त्यांनी दंडावरचा पट्टा काढला, नीट गुंडाळला, मशीनच्या पेटीत ठेवला. मग हात पुढे करून फोन स्वतःकडे ओढला.

आणि ते मोठ्याने बोलले. कुजबुजे मोठ्याने बोलतात तेव्हा आवाज कसा लागतो, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. जाडसर आहे, थोडा बसका, पण चांगला आहे. मिळालं असतं तर रंगमंचावर चाललं असतं.

"पोरी, ऐक. बाईंना चुकीचं वाक्य मी दिलं. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांना तशी सवयच आहे. एकशे शहाऐंशी आहे, खाली एकशे आठ. सकाळी ओळी एकमेकींवर चढतात, वाचता येत नाहीत. ये मला न्यायला. आणि पानं चिकटली नव्हती. तेव्हाही नाही, आणि आत्ताही नाही."